डीव्हीडीचा हलता मेनू आणि ट्रान्झिशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात लग्नं, मुंजी आणि देवळांच्या उत्सवातली नाटकं चित्रित करतो आणि त्यांच्या डीव्हीडी बनवतो. जत्रांचा मोसम जवळ आला की तेच तेच फोन सुरू होतात. मेनू हलता कसा करायचा, पडदा उघडताना दाखवता येईल का, बटनावर पणती पेटेल का. फोनवर सांगता सांगता चहा निवतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. प्रश्न लोकांचे आहेत, उत्तरांतली मतं माझी.

आता डीव्हीडी कशाला? पेनड्राइव्ह द्या की.

पेनड्राइव्हही देतो. पण देवस्थानच्या महाजनांना कपाटात ठेवायला, पाहुण्याच्या हातात द्यायला काहीतरी वस्तू लागते. आणि ज्या आजीने वर्षानुवर्षं एकच रिमोट वापरला तिला ‘फोल्डर उघड, फाइल शोध’ म्हणणं बरं दिसत नाही. डिस्क घातली, मेनू आला, मधलं बटन दाबलं, नांदी सुरू. १९९६ साली बाजारात आलेलं हे तंत्र घरोघरीच्या जुन्या प्लेअरना अजून कळतं.

मेनू हलतो म्हणजे नक्की काय हलतं?

पुढचं सगळं या उत्तरावर उभं आहे, तेव्हा हे सावकाश वाचा. प्लेअर स्वतः काहीही हलवत नाही. मोबाइलवर बोट लावलं की बटन फुगतं, सरकतं, वळतं. तेवढी अक्कल डीव्हीडी प्लेअरला दिलेलीच नाही. मेनूत जे हलताना दिसतं तो आधीच रेंडर करून, म्हणजे संगणकाकडून फ्रेम-फ्रेमने तयार करवून ठेवलेला एमपेग-२ (व्हिडिओ दाबून साठवण्याची डीव्हीडीची पद्धत) व्हिडिओ असतो, नाटकाचा असतो तसाच. त्याच्यावर चार रंगांचं एक सपाट चित्र अंथरलेलं असतं, त्याला सबपिक्चर म्हणतात. बटन म्हणजे त्या चित्रावर आखलेला चौकोन. रिमोटवरचा बाण दाबला की प्लेअर त्या चौकोनापुरते सबपिक्चरचे रंग आणि पारदर्शकता बदलतो, यालाच हायलाइट म्हणतात. जिवंत म्हणावं असं त्यात एवढंच.

रंगमंचावर आणून सांगतो. मागे रंगवलेला पडदा टांगलेला आहे आणि पुढे एक माणूस बॅटरी घेऊन उभा आहे. तो उजेड या खिडकीवर टाकेल नाहीतर त्या खिडकीवर. खिडकी उघडणं त्याच्या हातात नाही. खिडकी उघडलेली दाखवायची तर उघडणाऱ्या खिडकीचा वेगळा पडदा रंगवायचा आणि वेळेवर सोडायचा. त्या दुसऱ्या पडद्यालाच आपण ट्रान्झिशन म्हणतो.

कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

कामं दोन आहेत हे आधी ध्यानात घ्या. हलणारा व्हिडिओ बनवणं हे एक, तो बटनांना बांधून डिस्कच्या साच्यात बसवणं हे दुसरं. पहिल्यासाठी ब्लेंडर, केडेनलाइव्ह किंवा डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. ज्यांच्याकडे आफ्टर इफेक्ट्स आहे त्यांनी ते वापरावं. दुसऱ्या कामाची जुनी मातब्बर साधनं आता थांबली. अ‍ॅडोबीने एन्कोर सीएस ६ नंतर पुढे नेलं नाही, आणि अ‍ॅपलने डीव्हीडी स्टुडिओ प्रो २०११ मध्ये बंद केलं. जुन्या संगणकावर ती चालत असतील तर तो संगणक जपा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी डीव्हीडीस्टायलर सांगतो. फुकट आहे, माउसने चालतं, मेनूच्या पार्श्वभूमीला व्हिडिओ घेतं. त्याच्या पोटात डीव्हीडीऑथर नावाचं कमांडने चालणारं साधन आहे. खाली रजिस्टर (प्लेअरचे लक्षात ठेवायचे कप्पे) आणि सेलच्या (व्हिडिओच्या तुकड्यांच्या) गोष्टी येतील, त्या मनासारख्या करायच्या तर शेवटी त्या डीव्हीडीऑथरशीच दोस्ती करावी लागते. एक्सएमएल फाइल हाताने लिहायची म्हणून लोक बिचकतात, पण लग्नाच्या आमंत्रणांची यादी करण्यापेक्षा ते सोपं आहे.

मेनूचा व्हिडिओ कोणत्या मापाचा करू?

आपल्याकडे टीव्हीच्या चित्राची पाल पद्धत, म्हणजे डिस्कवर ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. मात्र काम थेट ७२० बाय ५७६ मध्ये करू नका. डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात, त्यामुळे संगणकावर गोल काढलेली समई टीव्हीवर आडवी पसरते. रुंद पडद्यासाठी १०२४ बाय ५७६ मध्ये रचना करा आणि शेवटी आडवी दाबून ७२० करा. प्लेअर ती परत ताणतो आणि गोल गोल राहतो.

कडेपासून अंतर ठेवा. जुने टीव्ही चित्राची कड खातात. मधल्या ८० टक्क्यांत अक्षरं आणि ९० टक्क्यांत महत्त्वाची हालचाल, हा जुना नियम अजून पाळावा.

मेनू सुरुवातीला परत जाताना अडखळतो. माझं काय चुकलं?

काही चुकलं नाही. लूप संपला की लेझरला उठून परत सुरुवातीच्या जागी जावं लागतं. त्या वेळात चित्र थिजतं आणि आवाज तुटतो. काही प्लेअरवर पापणी लवावी इतकं, काहींवर चांगलं अर्धा सेकंद. हा धक्का घालवता येत नाही, लपवता येतो.

चित्राचं सोपं आहे: शेवटची आणि पहिली फ्रेम सारखी ठेवा, आणि शेवटच्या दहा-बारा फ्रेममध्ये सगळं स्थिर होऊ द्या. थांबलेलं चित्र आणखी क्षणभर थांबलं तर कुणाच्या लक्षात येतं? समईच्या ज्योतीपेक्षा झोपाळा चांगला, कारण तो टोकाला जाऊन स्वतःच थांबतो. आवाजाला मात्र कान फार तिखट असतात. तबल्याचा ठेका मधेच तोडला तर आमच्या भजनी मंडळातला पोरही मान वर करतो. म्हणून शेवटचे दोन सेकंद आवाज हळूहळू शून्यावर आणा, किंवा समेवर संपवून मागे शांतता सोडा.

लूप किती लांब? माझा कौल ३० सेकंदांच्या आसपास. दहा सेकंदांचा लूप, आणि यजमान चहा करायला आत गेलेले, तर ते एकच वाक्य घरात पंचवीस वेळा वाजतं.

बटनाची पणती पेटलेली दिसावी असं वाटतं. जमेल का?

ज्योत लवलवणारी जमणार नाही, पेटलेली जमेल. चार रंगांत पारदर्शक धरून जे बसेल ते. कडा मऊ करायला मधल्या छटा नाहीत, त्यामुळे नाजूक आकार करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. साधा, भरीव आकार घ्या: पणती, टिंब, आंब्याचं पान. डीव्हीडीऑथरसोबत येणारं स्पुमक्स तीन पीएनजी चित्रं मागतं. एक निवड नसतानाचं, एक बाण आल्यावरचं, एक दाबल्यावरचं. तिन्हीतले आकार एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत आणि चौकोनाची वरची कड सम संख्येच्या ओळीवर हवी.

एन्कोरवाल्यांनी हे फोटोशॉपच्या लेयरमध्येच करायचं. बटनाच्या गटाच्या नावापुढे कंसात अधिकचं चिन्ह, हायलाइटच्या लेयरपुढे कंसात बरोबरचं चिन्ह आणि आकडा, आणि ज्या चौकटीत दृश्याचा तुकडा चालायचा तिथे टक्क्याचं चिन्ह.

अधोरेखनाचा मोह टाळा. इंग्रजी नमुन्यांत शब्दाखाली रेघ छान दिसते. मराठीत ‘सुरुवात’ किंवा ‘भूमिका’ लिहिलं की तीच रेघ उकारांच्या पोटातून जाते. मी टिंब नाहीतर पणती शब्दाच्या डाव्या बाजूला ठेवतो.

बटनं पार्श्वभूमीबरोबर उडत येतात, पण हायलाइट मात्र आधीपासूनच जागेवर दिसतो.

कारण तो उडत नाही. बॅटरीवाला आधीच येऊन उभा आहे. मेनूचे दोन भाग करा. पहिल्या सेलमध्ये बटनं येऊन बसतात आणि तिथे हायलाइट नाही. दुसऱ्या सेलमध्ये सगळं स्थिरावलेलं, आणि सबपिक्चर तिथून सुरू. मेनू संपल्यावर काय करायचं ते प्लेअरला सांगणाऱ्या शेवटच्या आज्ञेत परत पहिल्यावर न जाता दुसऱ्या सेलवर उडी मारायला सांगा, म्हणजे बटनांची वरात एकदाच निघते. वरात तीन सेकंदांत आटपा. तेवढा वेळ रिमोट मुका असतो, आणि मुका रिमोट हातात धरलेला माणूस तो हमखास तळहातावर आपटतो.

ही शिक्षा मी भोगली आहे. एका लग्नाच्या डिस्कला मी २२ सेकंदांची सुरुवात केली होती. तोरण, अक्षता, सनई, नावं सोनेरी होऊन एकत्र येणारी. नवऱ्यामुलाची आजी प्रत्येक वेळी ती संपेपर्यंत बटन दाबत राहिली आणि शेवटी म्हणाली, “बाबा, टीव्ही बिघडला रे.” डिस्क परत आली. मी कात्री लावली.

मग सुरुवातीचं मोठं अ‍ॅनिमेशन फक्त पहिल्यांदाच दिसावं असं करता येतं का?

येतं, आणि करावंच. डिस्क चालू असताना लक्षात ठेवण्यासाठी प्लेअरकडे सोळा कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. डिस्क घालताना सगळे शून्य. मेनूच्या आधीच्या आज्ञेत विचारायचं, पहिला कप्पा शून्य आहे का? असेल तर त्यात एक ठेव आणि अ‍ॅनिमेशनवर जा, नसेल तर सरळ बटनांवर. दोन ओळींचं काम. डिस्क बाहेर काढली की प्लेअर ते विसरतो, म्हणजे पुढच्या खेपेस थाट पुन्हा पूर्ण.

याच्याच जोडीने आणखी एक उपकार करा. दुसरा अंक बघून मेनूवर परत आल्यावर खूण दुसऱ्या अंकावर हवी, पहिल्यावर नव्हे. कोणतं बटन निवडलं ते प्लेअर आठव्या सिस्टिम रजिस्टरमध्ये ठेवतो, पण बटनाचा क्रमांक १०२४ ने गुणून. म्हणून तिसरं बटन हवं तर ३०७२ लिहायचं. साधा ३ लिहून ‘चालत नाही’ म्हणणारे फोन मला आले आहेत.

बटन दाबल्यावर पडदा उघडून नाटक सुरू व्हावं. हे ट्रान्झिशन कसं बांधायचं?

मधे एक बटनाविना छोटा मेनू घालून. त्यात पडदा उघडण्याचा एक-दीड सेकंदाचा व्हिडिओ असतो आणि त्याच्या शेवटच्या आज्ञेत ‘नाटकावर जा’. बटन नाटकाकडे न जाता या मधल्याकडे जातं. बघणाऱ्याला वाटतं बटनाने पडदा उघडला.

फसगत होते ती पडदा उघडल्यानंतर. मेनूच्या भागातून मुख्य व्हिडिओच्या भागात जाताना प्लेअर पुन्हा जागा शोधतो आणि क्षणभर काळा पडदा येतो. लोक या काळ्याशी झगडत बसतात. मेनूच्या शेवटच्या फ्रेमला नाटकाची पहिली फ्रेम जोडून अखंड चित्राचा भास करायला बघतात. ते संगणकावर जमतं, घरच्या प्लेअरवर नाही. त्यापेक्षा नाटकवाल्यांची युक्ती घ्या. पडदा सरकायला लागला की दिवे मालवा, चित्र काळ्यात विरू द्या आणि नाटकाचा व्हिडिओही काळ्यातूनच उजेडात आणा. मधला काळा क्षण त्यात मिसळून जातो. त्याच्यावर मी तिसरी घंटा टाकतो, ती विरता विरता नांदी येते. आपल्या प्रेक्षकाला तिसऱ्या घंटेनंतरचा अंधार ओळखीचा आहे. त्याला तो दोष वाटतच नाही.

प्रवेशांची यादी आहे, २४ दृश्यं. प्रत्येकाला वेगळं ट्रान्झिशन देऊ?

जागेची काळजी असेल तर खुशाल द्या. दीड सेकंद, २४ तुकडे, ८ मेगाबिटचा दर. सगळे मिळून ३६ मेगाबाइट होतात आणि ४.७ जीबीच्या डिस्कवर त्याचं ओझं नाही. मेनूंची फाइल १ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, पण त्या मर्यादेला टेकायला तुम्हाला सबंध जत्रा मेनूत घालावी लागेल.

खरा खर्च श्रमाचा आणि चुकांचा. २४ तुकडे, २४ उड्या, एक जरी चुकली तरी लोकांना ‘स्वयंवराचा प्रवेश’ दाबल्यावर युद्ध दिसतं. मी एकच ट्रान्झिशन ठेवतो. बटन आधी रजिस्टरमध्ये प्रवेशाचा क्रमांक लिहितं, मग त्या सामाईक पडद्यावर जातं, आणि पडद्याची शेवटची आज्ञा क्रमांक बघून योग्य चॅप्टरवर, म्हणजे व्हिडिओतल्या त्या प्रवेशाच्या खुणेवर, पाठवते. छोटी चौकट मोठी होऊन पडदा व्यापते असा परिणाम हवा असेल तरच प्रत्येकाचा वेगळा तुकडा लागतो. आणि मग तोही एका पानावर सहापेक्षा जास्त चौकटी न ठेवता.

इथे एक अडथळा बहुतेकांना लागतो. डिस्कच्या सर्वांत वरच्या मेनूमधून थेट पाचव्या चॅप्टरवर उडी मारता येत नाही. तिथून फक्त टायटलवर, म्हणजे अख्ख्या व्हिडिओच्या सुरुवातीवर, जाता येतं. चॅप्टरवर जाण्याची मुभा त्याच टायटल-संचाच्या (टायटल आणि त्याचे मेनू यांच्या गठ्ठ्याच्या) आतल्या मेनूला असते. म्हणून प्रवेशांची पानं आतल्या मेनूत ठेवा. तिथेच एकाला मूळ मेनू म्हणून नेमा, नाहीतर रिमोटवरचं ‘मेनू’ बटन दाबल्यावर काहीच होत नाही.

चॅप्टर अर्धा सेकंद आधी किंवा नंतर लागतो.

एमपेग-२ मध्ये पूर्ण चित्र अधूनमधूनच येतं, मधल्या फ्रेम फक्त फरक सांगतात. चॅप्टर पूर्ण चित्रावरच बसतो. पालमध्ये एक गट साधारण १५ फ्रेमपर्यंतचा, म्हणजे ०.६ सेकंद. एन्कोड करतानाच त्या जागी पूर्ण फ्रेम सक्तीने घालायला सांगा. नाहीतर गायकाचा आलाप सुरू झाल्यावर चॅप्टर लागतो आणि गायक तुम्हाला फोन करतो.

मराठी अक्षरं मेनूत फुटतात, लुकलुकतात. उपाय?

दोन वेगळे आजार आहेत.

फुटणं म्हणजे ‘ष्ट’ सुटा होणं, वेलांटी भलत्या अक्षराला चिकटणं. जुन्या ऑथरिंग सॉफ्टवेअरच्या मजकुराच्या चौकटीला देवनागरीची जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. तिथे मजकूर टाइप करूच नका. इंकस्केपमध्ये युनिकोडमध्ये लिहा, आकारात रूपांतर करा, पीएनजी काढा आणि चित्र म्हणून घाला. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का पाहा. ‘तिरो देवनागरी मराठी’ फुकट मिळतो आणि त्यात ते आहेत.

लुकलुकणं हा आपल्या लिपीचा खास आजार. डीव्हीडीचं इंटरलेस चित्र सम आणि विषम ओळी आळीपाळीने दाखवतं. एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ फक्त एकाच पाळीत येते, म्हणून सेकंदाला २५ वेळा दिसते आणि २५ वेळा नाहीशी होते. रोमन अक्षरांत आडव्या रेघा तुकड्या-तुकड्यांत असतात. आपल्याकडे शिरोरेषा अख्ख्या ओळीभर! तिरो त्याच्या नाजूक रेघांसह नाटकाच्या मोठ्या नावापुरताच ठेवा. बटनांना ठळक फॉन्ट घ्या, शिरोरेषा निदान तीन पिक्सेल, आणि अक्षरांवर किंचित उभी धूसरता द्या. संगणकावर ती मळकट वाटते, टीव्हीवर बरोबर दिसते.

कुंकवाचा लाल आणि भगवा टीव्हीवर ओघळतो.

डीव्हीडीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा आडवी-उभी निम्मीच असते. काळ्यावर गडद लाल अक्षरं लिहिली की कडेला पायऱ्या पडतात. लाल थोडा विटकरीकडे न्या, किंवा अक्षरं हळदीच्या पिवळ्यात लिहून लाल रंग मागच्या मोठ्या पटात वापरा. शुद्ध पांढरा आणि शुद्ध काळाही नको. व्हिडिओची पट्टी १६ ते २३५ अशी चालते.

हालचाल झटक्यांनी होते. संगणकावर तर लोण्यासारखी होती.

फील्डचा, म्हणजे सम आणि विषम ओळींच्या पाळ्यांचा, क्रम उलटा झाला आहे. जुन्या डीव्ही कॅमेऱ्याचं पाल चित्रण खालच्या फील्डपासून सुरू होतं, डीव्हीडीवर बहुधा वरचं फील्ड आधी ठेवतात. दोन्ही चालतात, पण फाइलवर जे लिहिलं आहे आणि आत जे आहे ते एक हवं. मेनू तुम्ही स्वतः बनवता आहात, तेव्हा सरळ २५ पूर्ण फ्रेममध्ये रेंडर करा आणि कटकट संपवा. वेगाने सरकणाऱ्या अक्षरांना तेवढं कमी पडतं, पण मेनूत अक्षरं वेगाने सरकवू नयेतच.

मेनूला कोणतं संगीत लावू?

सिनेमाचं गाणं नको. हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय चाळीस घरांत तेच गाणं. आपल्याकडे घुमट आहे! चवथीच्या आरतीला घुमट, शामेळ, कांसाळं वाजतं तेव्हा अंगणात उभं राहून वीस सेकंद ध्वनिमुद्रित करून ठेवा. पुढच्या पाच डिस्कना पुरतं. वाजवणाऱ्यांना आधी विचारा, ते आनंदाने हो म्हणतात आणि शेवटी टाळी एकत्र देतात. ती टाळी म्हणजे लूपची आयती जागा.

आवाज ४८ किलोहर्ट्झचा असावा आणि मेनूचा आवाज नाटकापेक्षा थोडा खाली ठेवा. एसी-३ (डीव्हीडीवरच्या आवाजाची डॉल्बी पद्धत) बनवताना संवाद-पातळीचा आकडा उणे ३१ ठेवला तर प्लेअर आवाजाला हात लावत नाही. काही एन्कोडर मुळात उणे २७ धरतात आणि आवाज चार डेसिबल खाली येतो. मेनूला एक आकडा आणि नाटकाला दुसरा असेल तर नांदीला सगळे दचकतात.

संगीत नाटक तीन तासांचं आहे. मेनूमुळे जागा कमी पडेल का?

मेनूमुळे नाही, नाटकामुळेच पडेल. ४.७ जीबी म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट. तीन तासांचे १०,८०० सेकंद. भागाकार केला की आवाजासकट साडेतीन मेगाबिटही उरत नाहीत, आणि रंगमंचावरच्या अंधारात त्या दराला चौकोन दिसायला लागतात. दोन डिस्क करा, मध्यंतराला डिस्क बदलायची. लोकांना मध्यंतर आवडतं. दुहेरी थराची ८.५ जीबीची डिस्कही असते, पण जुने प्लेअर थर बदलताना रुसतात. मेनूला मात्र ७-८ मेगाबिटचा दर द्या. व्हिडिओची कमाल ९.८ आहे, तिथवर जाऊ नका.

एका पानावर बटनं किती चालतात?

नियमाने ३६. रुंद मेनू जुन्या चौकोनी टीव्हीवरही नीट दिसावा म्हणून हायलाइटचे दोन संच ठेवले तर १८. माझ्या हिशेबाने सात. त्याच्या वर गेलं की बाणाने कुठे जायचं हे कोडं होतं.

तपासणी कशी करायची?

आधी फोल्डर व्हीएलसीमध्ये उघडा. तिथे चाललं म्हणून नाचू नका. संगणकावरचे प्लेअर फार क्षमाशील असतात. मग पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर काढून घरातल्या सर्वांत खाष्ट प्लेअरमध्ये घाला. माझ्याकडे त्यासाठीच एक जुना खटारा राखून ठेवला आहे. प्रत्येक बटनावर चारही बाण दाबा, मेनू तीन वेळा पूर्ण फिरू द्या, नाटक मधेच थांबवून मेनूवर या. शेवटी रिमोट अशा माणसाकडे द्या ज्याने हा मेनू कधी पाहिला नाही, आणि तोंड बंद ठेवून बघत बसा. मी शेजारच्या मावशींना बोलावतो. त्यांनी दोनदा चुकीचं बटन दाबलं तर चूक मेनूची.

मुलगी टोरोंटोला, भाऊ दुबईला, मामा लिस्बनला. एकच डिस्क सगळीकडे चालेल?

दुबई आणि लिस्बनला पाल चालतं, काळजी नाही. कॅनडा एनटीएससीचा, म्हणजे टीव्हीच्या दुसऱ्या पद्धतीचा, देश. तिथल्या कित्येक प्लेअरना पाल डिस्क चालत नाही, तर पालवाल्या प्लेअरना एनटीएससी बहुधा चालते. टोरोंटोसाठी ७२० बाय ४८० ची वेगळी प्रत काढा. मेनूही त्या मापात नव्याने रेंडर करावा लागतो आणि हायलाइटच्या चौकोनांच्या जागा बदलतात, नुसता व्हिडिओ बदलून भागत नाही. विभागाचा आकडा, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी याची खूण, मोकळा ठेवा. भारत पाचव्या विभागात, आखात आणि पोर्तुगाल दुसऱ्यात, कॅनडा पहिल्यात. पण घरी बनवलेल्या डिस्कला कुंपण घालायची गरजच नसते.

समितीला १५० प्रती हव्यात आणि पावसाळ्यात डिस्क खराब होतात म्हणून तक्रार आहे.

चांगल्या कंपनीच्या डीव्हीडी-आर घ्या, ४ किंवा ८ च्या वेगाने लिहा, लिहून झाल्यावर पडताळणी करा. ८ च्या वेगाने एक डिस्क आठेक मिनिटांत होते, म्हणजे दीडशे प्रतींना एका ड्राइव्हवर वीस तास लिहिण्यातच जातात आणि पडताळणीचा वेळ वेगळा. दोन-तीन ड्राइव्ह लावा आणि जत्रेच्या आदल्या रात्रीवर ढकलू नका. वर कागदी लेबल चिकटवू नका. आपल्या दमट हवेत ते फुगतं, डिस्क किंचित वाकते आणि प्लेअर घरघरतो. छापता येण्याजोग्या पांढऱ्या डिस्कवर सरळ छापून घ्या.

जून ते सप्टेंबर डिस्क भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. कागदी पाकिटाला बुरशी आधी लागते, मग डिस्कला. प्लास्टिकच्या डबीत, डबी हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. बुरशीचे ठिपके आलेच तर मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसलं तर लेझरच्या वाटेने लांब ओरखडा पडतो आणि तो प्लेअरला ओलांडता येत नाही.